राइक्स म्युझियम नीट पाहायचे तर: तिकिटापासून शेवटच्या दालनापर्यंत

आम्सटरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये जाऊन आलेली बरीच मंडळी परत आल्यावर दोनच गोष्टी सांगतात: डच चित्रकार रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्रासमोर गर्दी फार होती आणि नंतर पाय फार दुखले. दोन्ही खरे आहे. पण नेदरलँड्सचा आठशे वर्षांचा इतिहास या एका इमारतीत शतकवार लावून ठेवला आहे, हे बाहेर पडेपर्यंत अनेकांच्या ध्यानातही येत नाही. चित्रांचे संग्रहालय समजून आत जायचे, तीन प्रसिद्ध चित्रांपुढे फोटो काढायचे आणि जहाजे, तोफा, कपडे, कागदपत्रे यांच्याकडे पाठ फिरवून निघायचे, ही नेहमीची चूक. ती बहुतेकदा आत गेल्यावर होत नाही. तिकीट काढताना आणि मजल्यांचा क्रम ठरवतानाच झालेली असते. म्हणून इथे तयारीवर जरा जास्त लिहिले आहे.

## आधी हे पाहा: तुम्हाला हवे ते इथे आहे का?

पैसे भरण्याआधी स्वतःला विचारा, नक्की काय पाहायचे आहे. पुढच्या गोष्टींसाठी लोक इथे येतात आणि हिरमुसतात.

- मोत्याचे कर्णभूषण घातलेली मुलगी. डच चित्रकार व्हर्मीरचे हे चित्र हेग शहरातल्या मॉरित्सहाउस या संग्रहालयात आहे. इथे व्हर्मीरची 'दुधवाली' आहे, 'छोटी गल्ली' आहे, पत्र वाचणारी निळ्या पोशाखातली बाई आहे. मोती नाही.
- व्हॅन गॉगची सूर्यफुले. ती म्युझियमच्या मागच्या मैदानापलीकडे, व्हॅन गॉग म्युझियममध्ये. त्याचे तिकीट वेगळे. राइक्स म्युझियममध्ये त्याचे १८८७चे एक आत्मचित्र आणि मोजकेच आणखी काही.
- अ‍ॅन फ्रँकचे घर. ते प्रिन्सेनग्राख्ट कालव्यावर, पूर्णपणे वेगळे ठिकाण. त्याची तिकिटे दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि भराभर संपतात. दोन्ही पाहायचे असेल तर आधी ते तिकीट मिळवा आणि राइक्स म्युझियमचा दिवस त्याप्रमाणे बसवा. उलटे केलेत की हमखास अडकता.
- लाल-पांढरी मोठी अक्षरे. शहराच्या नावाची ती अक्षरे म्युझियमच्या मागच्या मैदानावर होती. डिसेंबर २०१८मध्ये ती काढली. जुने फोटो पाहून आजही लोक तिथे अक्षरे शोधत फिरताना दिसतात.
- कँडीची तोफ. सोन्याचांदीने मढवलेली, माणकं जडवलेली ही श्रीलंकेची तोफ जुन्या व्हिडिओंत आणि मार्गदर्शिकांत ठळकपणे दाखवतात. २०२३मध्ये ती श्रीलंकेला परत दिली. आता ती कोलंबोत आहे.

सावधान: 'राइक्सम्युझियम' या नावाची संग्रहालये नेदरलँड्समध्ये एकाहून जास्त आहेत. लायडन शहरात प्राचीन वस्तूंचे एक आहे आणि विज्ञानाच्या इतिहासाचे दुसरे. शिवाय आम्सटरडॅम शहराच्या इतिहासाचे संग्रहालयही स्वतंत्र आहे. तिकिटावर शहर आम्सटरडॅम आणि पत्ता म्युझियमस्ट्राट असल्याची खात्री करा.

## टप्पा १: तिकीट आणि वेळ

१. तिकीट म्युझियमच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. शोधयंत्रात सगळ्यात वर येणारे दुवे बहुतेक वेळा दलालांचे असतात. तेच तिकीट ते 'रांग टाळा' असे लिहून चढ्या भावात विकतात. रांग टळते ती वेळ आधी राखून ठेवल्यामुळे, आणि तशी वेळ अधिकृत तिकिटातही मिळतेच.

२. प्रौढांचे तिकीट साधारण २५ युरोंचे आहे. पैसे भरताना त्या दिवसाचा आकडा पाहून घ्या. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांचेही शून्य युरोंचे तिकीट याच खरेदीत घ्यायचे असते. इथे पालक हमखास चुकतात: स्वतःची दोन तिकिटे काढतात आणि मुलांची 'तिथे बघू' म्हणून सोडतात. सतरा-अठराच्या मुलामुलींचा पासपोर्ट किंवा त्याचा फोटो जवळ असू द्या.

३. म्युझियम रोज सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडे असते. सोमवारी बंद नाही, ख्रिसमसलाही बंद नाही. त्यामुळे इतर संग्रहालयांची सुट्टी असते तो दिवस लोक इथे खर्च करतात आणि त्या दिवशी गर्दी वाढते. निवड हातात असेल तर मधल्या वारी सकाळी ९ची वेळ घ्या. ती मिळाली नाही तर दुपारी तीननंतर गर्दी ओसरते, पण मग हातात जेमतेम दोन तास उरतात. ११ ते २ ही वेळ सगळ्यात वाईट.

४. तिकिटावरची वेळ आत शिरण्याची असते. एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत थांबता येते. त्यामुळे '९ ते १० पाहू, साडेदहाला कालव्यातली बोट' असे वेळापत्रक आखू नका. किमान चार तास मोकळे ठेवा.

५. नेदरलँड्समध्ये नोकरी-शिक्षणासाठी राहत असाल तर म्युझियमकार्ट, म्हणजे अनेक संग्रहालयांत चालणारे वर्षभराचे कार्ड, घेणे परवडते. पाहुण्यांना ३१ दिवसांत पाच संग्रहालयांपुरते तात्पुरते कार्ड मिळते. दोन-तीनच ठिकाणे पाहणार असाल तर आकडेमोड करून मगच घ्या. कार्ड असले तरी प्रवेशाची वेळ संकेतस्थळावर राखून ठेवा.

तपासा: प्रत्येक माणसामागे एक तिकीट फोनमध्ये उतरवले आहे का? तारीख बरोबर आहे का? विमानाने ज्या दिवशी पोहोचता त्याच दिवसाचे तिकीट तर नाही ना? रात्रभराच्या प्रवासानंतर संग्रहालय म्हणजे बाकावर बसून डुलकी काढण्यासाठी २५ युरो.

## टप्पा २: घरबसल्या करायची तयारी

एक संध्याकाळ पुरे. ही तयारी टाळली तर सतराव्या शतकाची दालने तुम्हाला काळे कपडे घातलेल्या गंभीर माणसांची रांग वाटतील.

पुढची सात वर्षे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. जवळपास सगळी दालने यांच्याभोवती फिरतात.

- १५६८ ते १६४८: स्पेनच्या राजाविरुद्धचे ऐंशी वर्षांचे युद्ध. यातून डच प्रजासत्ताक उभे राहिले.
- १६०२: डच ईस्ट इंडिया कंपनी, म्हणजे व्हीओसी, स्थापन झाली. वेंगुर्ल्याची डच वखार याच कंपनीची. कोकणातल्या वाचकाला या दालनांत फार परके वाटायचे कारण नाही.
- १६७२: डचांचे 'आपत्तीचे वर्ष'. फ्रान्स आणि इंग्लंड एकाच वेळी चालून आले आणि देशाचा कर्ता मुत्सद्दी योहान डी विट जमावाच्या हातून मारला गेला.
- १७९५: फ्रेंच सैन्य आले, प्रजासत्ताक कोसळले.
- १८१५: वॉटर्लू. नेपोलियनचा शेवट आणि नेदरलँड्सच्या नव्या राज्याची सुरुवात.
- १८६३: सुरिनाम आणि कॅरिबियन वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली.
- १९४० ते १९४५: जर्मन ताबा. लगोलग इंडोनेशियाचे स्वातंत्र्ययुद्ध, १९४९मध्ये सत्तांतर.

मग म्युझियमचे मोफत अ‍ॅप फोनवर उतरवा. त्यात नकाशा आहे आणि बोलते मार्गदर्शनही. आत मोफत वायफाय आहे, पण अ‍ॅप घरीच घ्या आणि इअरफोन बॅगेत टाका. इअरफोन नसेल तर स्पीकर लावून ऐकता येत नाही, निदान लावू नये.

शेवटी, प्रत्येकाने पाच वस्तू निवडायच्या. सहा नाही, पाच. संग्रह संकेतस्थळावर खुला आहे. शोधलेल्या वस्तूच्या पानावर ती सध्या कोणत्या दालनात आहे किंवा प्रदर्शनात नाही, हे दिसते. दालनाचा क्रमांक वाचायला सोपा: पहिला आकडा मजल्याचा. १.१२ म्हणजे पहिल्या मजल्यावरचे बारावे दालन.

### शिवाजी महाराजांच्या चित्राबद्दल

मराठी पाहुणे सगळ्यात जास्त फसतात ते इथे, म्हणून वेगळे लिहितो. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोवळकोंड्यात तयार झालेला, मोगल आणि दख्खनी सत्ताधीशांच्या व्यक्तिचित्रांचा एक संच राइक्स म्युझियमकडे आहे. आम्सटरडॅमचा महापौर आणि हौशी संग्राहक निकोलास विट्सेन याच्याकडे तो होता, म्हणून त्याला विट्सेन अल्बम म्हणतात. शिवाजी महाराजांचे चित्र या संचात आहे. समाजमाध्यमांवर ते फिरत असते आणि खाली 'आम्सटरडॅमच्या म्युझियममध्ये पाहता येते' असे लिहिलेले असते.

ते चित्र भिंतीवर टांगलेले असेल असे धरून जाऊ नका. कागदावरची चित्रे प्रकाशाने खराब होतात. रंग उडतात, कागद पिवळा पडतो. म्हणून जगभरातली संग्रहालये अशी चित्रे अंधाऱ्या, थंड कोठारात ठेवतात आणि एखाद्या प्रदर्शनापुरती थोड्या काळासाठी बाहेर काढतात. दारावरच्या कर्मचाऱ्याला विचारून उपयोग नाही, आणि 'आमच्या राजाचे चित्र लपवून ठेवले' म्हणून वाद घालणे तर अगदीच व्यर्थ. जपून ठेवले म्हणूनच ते सव्वातीनशे वर्षांनंतर शाबूत आहे.

काय करायचे ते असे:

१. संकेतस्थळाच्या संग्रह विभागात रोमन लिपीत विट्सेनचे नाव किंवा महाराजांचे नाव टाकून शोधा. जुन्या नोंदींत नावाचे स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळे असू शकते, एक-दोन प्रकारे टाकून पाहा.
२. मिळालेल्या पानावर ते सध्या प्रदर्शनात आहे का ते बघा.
३. नसेल तर तिथूनच मोठ्या आकाराची प्रतिमा उतरवून घ्या. म्युझियम आपल्या जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या वस्तूंच्या प्रतिमा मोफत देते. पगडीचा तुरा, अंगरख्याचे काठ हे सगळे पडद्यावर मोठे करून काचेआडून दिसले असते त्याहून बारकाईने पाहता येते.
४. संशोधक असाल आणि मूळ कागदच पाहणे गरजेचे असेल, तर वस्तूचा नोंदणी क्रमांक आणि अभ्यासाचे कारण देऊन बरेच आधी लेखी विचारा. सहलीच्या दोन दिवस आधी नाही.

## टप्पा ३: पोहोचणे

मध्यवर्ती स्थानकावरून २ किंवा १२ क्रमांकाची ट्राम म्युझियमपाशी सोडते. भुयारी रेल्वेने यायचे तर ५२ क्रमांकाच्या मार्गावर फायझेलग्राख्टला उतरून दहा मिनिटे चालायचे. अम्स्टेलफेनहून येणाऱ्यांना ५ क्रमांकाची ट्राम सरळ आणते. थेट विमानतळावरून ३९७ क्रमांकाची बस येते, पण खाली सामानाबद्दलचे वाचा आणि मगच तो बेत करा.

भाडे संपर्करहित बँक कार्डाने किंवा फोनने देता येते. चढताना टेकवायचे आणि उतरतानाही टेकवायचे. दुसरे विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाकडे आपापले कार्ड हवे. भारतातून निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातील आणि संपर्करहित असे दोन्ही व्यवहार चालू करा. घरातल्या एकाच्याच कार्डावर भिस्त ठेवणारी कुटुंबे ट्रामच्या दारात अडकलेली दिसतात.

सामान: चाकांची बॅग घेऊन येऊ नका. हॉटेलात ठेवा किंवा मध्यवर्ती स्थानकावरच्या लॉकरमध्ये.

सावधान: इमारतीच्या पोटातून एक कमानदार रस्ता जातो आणि म्युझियमची दारे त्याच रस्त्यात आहेत. तो सायकलींचाही रस्ता आहे. मधोमध सायकली, दोन्ही कडांना चालणारे. आम्सटरडॅमचा सायकलस्वार घंटी वाजवतो, थांबत नाही. कमानीखाली उभे राहून समूहछायाचित्र काढायचा मोह होतोच, कारण जागा सुंदर आहे. कडेला सरकून काढा आणि मुलांचा हात धरा.

## टप्पा ४: आत गेल्यावरची पहिली पंधरा मिनिटे

दारातून खाली उतरलात की काचेच्या छताचे मोठे अंगण लागते. इथे चार कामे, याच क्रमाने.

१. कोट, छत्री, पाठीवरची बॅग ठेवण्याच्या जागी जमा करा. ही सोय मोफत आहे. पाठीवरची बॅग घेऊन दालनात जाता येत नाही. दालनाच्या तोंडाशी अडवले की पुन्हा खाली यावे लागते. पासपोर्ट, फोन, कार्ड, औषधे, चष्मा एवढे लहान पिशवीत किंवा खिशात.
२. स्वच्छतागृह. वर गेल्यावर ते शोधण्यात वेळ जातो.
३. भेटण्याची जागा आणि वेळ ठरवा. 'नाइट वॉचपाशी' असे ठरवू नका, तिथे अर्धे जग उभे असते.
४. नकाशा उघडून मजले समजून घ्या.

मजले शतकांप्रमाणे आहेत, पण खालून वर क्रमाने नाहीत, आणि हेच गोंधळाचे मूळ आहे. शून्य मजल्यावर ११०० ते १६००, शिवाय जहाजांच्या प्रतिकृती, शस्त्रे, चिनीमातीची भांडी यांचे विशेष संग्रह आणि आशियाई दालन. पहिल्यावर अठरावे आणि एकोणिसावे शतक. दुसऱ्यावर सतरावे. तिसऱ्यावर विसावे. शिवाय मधल्या रस्त्यामुळे इमारतीचे दोन भाग झाले आहेत. प्रत्येक मजल्यावर या टोकाकडून त्या टोकाला सरळ जाता येत नाही. समोर दिसणारे दालन गाठायला कधी जिना उतरून पुन्हा चढावे लागते.

आई-वडिलांना घेऊन गेला असाल तर लिफ्ट कुठे आहेत ते इथेच पाहून ठेवा. चाकांची खुर्ची म्युझियमकडून मोफत मिळते. 'मला कशाला खुर्ची' हे वाक्य ऐकू येणारच. तरी घ्या.

## टप्पा ५: थेट दुसऱ्या मजल्यावर

तळापासून सुरुवात करून वर चढत जाणे शहाणपणाचे वाटते, पण इथे ते महागात पडते. मध्ययुगातल्या लाकडी संतमूर्ती पाहून होईपर्यंत साडेदहा वाजतात आणि वरच्या मजल्यावर सहलींचे थवे पोहोचलेले असतात. म्हणून ९ची वेळ असेल तर सरळ दुसरा मजला.

५.१ आधी 'नाइट वॉच'. सन्मान-दालन म्हणजे या मजल्यावरचे, मोठ्या चित्रकारांची चित्रे लावलेले लांब दालन. त्यातून दोन्ही बाजूंची चित्रे ओलांडत थेट टोकाला जा. रेम्ब्रांटचे १६४२चे हे चित्र सुमारे पावणेचार मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद आहे. २०१९पासून ते काचेच्या खोलीत आहे आणि तिथेच, लोकांसमोर, त्याचा अभ्यास आणि संवर्धन चालते. जुने वार्निश काढण्याचे काम नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू झाले. काचेआड माणसे, यंत्रे, मचाण दिसले तर 'नेमके आजच बंद' असे म्हणून हळहळू नका. जगातल्या एवढ्या मोठ्या चित्राची शुश्रूषा उघड्यावर पाहायला सहसा मिळत नाही.

चित्रात कोण आहे? आम्सटरडॅमची नागरी पहारेकऱ्यांची एक तुकडी आणि मधोमध कप्तान फ्रान्स बानिंग कोक. पैसे देऊन स्वतःचे चित्र काढून घेणारे हे गावचे प्रतिष्ठित लोक. डाव्या कडेला चित्र तुटल्यासारखे वाटते, ते तसेच आहे: १७१५मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसेना म्हणून ते चारही बाजूंनी कापले, आणि डावीकडे सर्वाधिक कापले.

५.२ मग उलट चालत या. सगळे जण दाराकडून चित्राकडे चालतात. तुम्ही चित्राकडून दाराकडे या. व्हर्मीर आणि इतर मोठी नावे बाजूच्या कोनाड्यांत आहेत.

५.३ हंस आणि डी विट बंधू. यान आसेलाइनने सुमारे १६५०मध्ये काढलेला चवताळलेला हंस इथे भेटतो. पंख फुलवून तो आपले घरटे पोहून येणाऱ्या कुत्र्यापासून वाचवतो आहे. चित्रकाराने तो नुसता हंस म्हणून काढला. पुढे कोणीतरी त्यावर अक्षरे लिहिली आणि तो हंस म्हणजे देश राखणारा योहान डी विट ठरला. आता चिठ्ठीवरचे १६७२ आठवा. जमावाने मारलेल्या योहान आणि त्याच्या भावाची प्रेते टांगलेली दाखवणारे चित्रही याच संग्रहात आहे. ही दोन चित्रे जोडून पाहिली की सतरावे शतक एकदम उलगडते, आणि त्या वैभवाच्या दालनातली शांतता किती वरवरची होती ते समजते. दुसरे चित्र भयंकर आहे. लहान मुलांना त्याच्यापुढे नेण्याआधी स्वतः पाहा.

५.४ बाजूची दालने, जिथे खरा इतिहास आहे. बहुतेक लोक सन्मान-दालनातून परत फिरतात. त्याच्या दोन्ही अंगांना सतराव्या शतकाची दालने आहेत आणि तिथे गर्दी निम्मीही नसते. यातले काही चुकवू नका:

'रॉयल चार्ल्स' या इंग्लिश जहाजाच्या मागच्या बाजूचा कोरीव लाकडी भाग. सिंह, एकशृंगी घोडा, राजचिन्ह, सगळे जागच्या जागी. १६६७मध्ये डच आरमार थेट इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसले आणि इंग्लिश आरमाराचे हे मानाचे जहाज ओढून घेऊन आले. जहाज पुढे मोडीत निघाले. राजचिन्ह तेवढे मिरवायला ठेवले.

नोव्हाया झेम्ल्या या उत्तर ध्रुवाकडच्या बेटावरच्या वस्तू. १५९६मध्ये विलेम बारेंट्स आणि सोबती आशियाकडे जायची उत्तरेकडची वाट शोधत निघाले, बर्फात अडकले आणि लाकडी घर बांधून हिवाळा काढला. त्या घरात राहिलेले सामान पावणेतीनशे वर्षांनी, १८७१मध्ये सापडले. मिरे आणि जायफळ यांच्या व्यापाराने माणसाला कुठवर नेले ते इथे दिसते.

कंपनीच्या वखारींची चित्रे. बंगालमधल्या हुगळीची वखार दाखवणारे, १६६५चे एक मोठे चित्र संग्रहात आहे: तटबंदी, बागा, गंगेतली जहाजे. ते सध्या कोणत्या दालनात आहे ते अ‍ॅपवर पाहा. वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीला भेट दिली असेल तर तिथे काय चालत असावे याची कल्पना या चित्रावरून येते.

आणि मुलांसाठी पेट्रोनेला ओर्टमन हिचे बाहुलीघर. मुले इथे रमतात, मोठी माणसे मुलांहून जास्त.

तपासा: घड्याळ बघा. आतापर्यंत पावणेदोन ते दोन तास गेले असतील. तीन तास गेले असतील तरी काही बिघडले नाही, फक्त पुढच्या यादीतून तिसरा मजला वगळा.

## टप्पा ६: खाणे

भूक लागण्याआधी थांबा. खालच्या अंगणात कॅफे आहे, पण दुपारी बारानंतर रांग वाढते. दालनांत खाणे-पिणे चालत नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. डबा आणला असेल तर तो मागच्या मैदानावर, बाहेर पडल्यावर. मैदानाखाली एक मोठे सुपरमार्केट आहे, तिथे फळे, दही, पाव, चीज रास्त भावात मिळते. शाकाहारी असाल तर सूप कशाचे आहे ते विचारा. भाज्यांचे दिसणारे सूप मांसाच्या पाण्यावर केलेले असू शकते.

मध्येच बाहेर जाऊन परत यायचे असेल तर निघण्याआधी दारावर विचारा.

## टप्पा ७: उरलेले मजले, आवडीप्रमाणे

पहिला मजला. १.१२ क्रमांकाच्या दालनात पीनमनचे 'वॉटर्लूची लढाई', १८२४चे. आठ मीटरहून रुंद, म्युझियममधले सगळ्यात मोठे चित्र. मधोमध घोड्यावर नेपोलियनविरुद्ध लढणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन, त्याला प्रशियाचे सैन्य येत असल्याची खबर मिळते आहे. पण डच प्रेक्षकाने पाहावे म्हणून काढलेला माणूस डाव्या हाताला खाली आहे: जखमी युवराज, पुढे राजा झालेला दुसरा विलेम. आधी मागे सरकून पूर्ण पाहा, मग जवळ जा. याच मजल्यावर ग्रंथालयाचा सज्जा आहे. तिथे बोलू नका, खाली लोक अभ्यास करत असतात.

तिसरा मजला. विसाव्या शतकाच्या दोन खोल्या दोन वेगळ्या टोकांना आहेत. एकीतून दुसरीत जाता येत नाही. एकच करायची तर १९०० ते १९५०ची करा. फ्रिट्स कोलहोवेनने आखलेले १९१८चे लहानसे लढाऊ विमान अख्खेच्या अख्खे तिथे ठेवले आहे, आणि जर्मन ताब्याच्या काळातल्या वस्तूही.

शून्य मजला. इथे मी जहाजांच्या प्रतिकृतींकडे पाठवीन. काहींना ते खेळण्यांचे दुकान वाटते. पण ही बरीचशी मॉडेल गोद्यांमध्ये आणि आरमारात कामासाठी केलेली आहेत. आशियाई दालन पाण्याने वेढलेल्या वेगळ्या इमारतीत आहे आणि तिथे सहसा शांतता असते. चोळकालीन ब्राँझचा मोठा नटराज तिथला मुख्य मानकरी. हात जोडावेसे वाटले तर जोडा, स्पर्श करू नका, फूल किंवा नाणे ठेवू नका.

फोटोबद्दल: कायम संग्रहाचे फोटो काढता येतात, पण फ्लॅश, सेल्फी-काठी आणि तिपाई चालत नाही. फ्लॅश आधीच बंद करून ठेवा. रखवालदार दोनदा सांगत नाही.

## टप्पा ८: बाहेर पडणे

दालने रिकामी करायला कर्मचारी पाच वाजेपर्यंत थांबत नाहीत, त्याआधीच सुरुवात करतात. पावणेपाचला कोट घेण्याच्या जागी सगळे एकदम येतात. साडेचारला खाली आलात तर पाच मिनिटांत सुटता. दुकानात जायचे असेल तर बॅग घेण्याआधी जा, आणि पोस्टर घेण्याआधी ते विमानाच्या बॅगेत मावेल का पाहा. मोफत उतरवलेली प्रतिमा पुण्यात किंवा पणजीत छापून घेतली तर मोठा आकारही स्वस्तात मिळतो.

इमारतीभोवतीची बाग बिनतिकिटाची आहे. पाऊस नसेल तर पाय मोकळे करायला तीच बरी. ट्रामचा थांबा त्याच रस्त्यावर. जाताना दिशा बघून उभे राहा, कारण त्याच क्रमांकाची ट्राम उलट दिशेलाही जाते. कार्ड, चढताना आणि उतरताना.